झाड कागदावर, माणूस फांदीवर : शिरूर-दौंडमधल्या झाडावर चढणाऱ्यांचा इतिहास

आजचा विषय ऐकून काही जणांना प्रश्न पडला असेल की झाडावर चढणाऱ्यांचा कसला इतिहास? राजांचा असतो, लढायांचा असतो, फार तर शेतीचा असतो. पण झाडावर चढणं हे पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पोटासाठी केलेलं काम आहे. त्यात कसब आहे, धोका आहे, मजुरी आहे. ज्या कामात या तीन गोष्टी असतात, त्याला इतिहासही असतो. तो लिहिला गेला नाही, एवढंच. तो का लिहिला गेला नाही आणि त्याची किंमत आज कोण मोजतंय, हे आपण पाहणार आहोत.

सुरुवात नकाशापासून करू. शिरूर तालुका डोळ्यांसमोर आणा. मोराची चिंचोली, घोड धरणाजवळची चिंचणी, बाभुळसर, निमगाव म्हाळुंगी, पिंपळे जगताप, वडगाव रासाई. आता भीमा ओलांडून दौंडमध्ये या. बोरीपार्धी, बोरीभडक, पिंपळगाव. म्हणजे चिंच, बाभूळ, लिंब, पिंपळ, वड, बोर अशी गावांची नावंच झाडांवरून पडलेली आहेत. हा पावसाच्या छायेतला प्रदेश. इथं घनदाट जंगल नव्हतं. जी झाडं होती ती बांधावर, ओढ्याच्या काठी, देवळापुढं आणि रस्त्याच्या कडेला. म्हणून प्रत्येक झाड ओळखीचं. अमक्याची चिंच, तमक्याच्या विहिरीवरचा आंबा.

आता या झाडांवर कोणीतरी चढत होतंच. चिंचा खाली कोणी आणल्या? शेळ्यांसाठी बाभळीचा पाला कोणी पाडला? अवजाराला लागणारी वाकडी फांदी बरोबर निवडून कोणी तोडली? त्या माणसाला आपल्याकडे काय म्हणतात?

कोकणात नारळ उतरवणाऱ्याला पाडेकरी म्हणतात. गोव्यात पाडेली म्हणतात आणि माडाची सूर काढणाऱ्याला रेंदेर. म्हणजे तिकडं माणसाला नाव आहे. आपल्या देशावर मात्र आपण म्हणतो, ‘चिंच झोडायला माणसं लावलीत’, ‘पाला पाडायला एक जण पाहिजे’, ‘फांद्या तोडायला कोणी आहे का?’ कामाला क्रियापद आहे, करणाऱ्याला नाम नाही. ही भाषेतली छोटीशी गोष्ट वाटेल, पण आजचं सगळं व्याख्यान या एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

आधी काम समजून घेऊ. चिंचेचंच उदाहरण घेऊ. चिंचेला फुलं येतात उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला. फळ पिकायला आठ-नऊ महिने लागतात. म्हणून चिंच उतरवायचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. ज्वारी काढून होते, उन्हं तापायला लागतात, शेतात दुसरं काम कमी असतं, तेव्हा हे काम येतं. बहुतेक वेळा झाडाचा मालक स्वतः चिंच उतरवत नाही. व्यापारी येतो, खाली उभा राहून झाडाकडं बघतो, आकडा ठरतो आणि झाडावरचं फळ उक्तं विकलं जातं. ग्रामपंचायतीच्या किंवा सरकारी जागेतली झाडं असतील तर फळांचा लिलाव होतो. ज्याने झाड घेतलं तो टोळी आणतो. टोळीत एक-दोन चढणारे असतात, बाकीच्या बहुतेक बाया वेचायला.

दिवस लवकर सुरू होतो, कारण उन्हात फांदी तापते आणि वर डोळ्यांवर ऊन येतं. खाली ताडपत्री किंवा जुनी लुगडी अंथरतात. चढणारा अनवाणी चढतो. खोड खरबरीत असतं, पाय धरतो. जुन्या चिंचेचं खोड कवेत मावत नाही, म्हणून पहिल्या बेचक्यापर्यंत जायला दोर टाकावा लागतो किंवा खालून दुसऱ्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागतो. एकदा वर गेलं की बांबूची काठी किंवा आकडी वर ओढून घ्यायची आणि एकेक फांदी हलवायची, झोडायची. एका जुन्या झाडाला दीड-दोनशे किलो चिंच लागू शकते. म्हणजे एकच झाड अर्धा-पाऊण दिवस खातं.

यात कसब कुठं आहे? पहिलं म्हणजे लाकडाची ओळख. चिंचेचं लाकूड चिवट. ओली फांदी वाकते पण सहसा तुटत नाही. वाळलेली फांदी मात्र सांगून तुटत नाही, म्हणून पाय ठेवण्याआधी ती ओळखावी लागते. जांभळाची फांदी कडक, कटकन मोडते. शेवग्याची तर बातच नको, त्याच्यावर पोरांना चढू देत नाहीत ते उगाच नाही. आंब्याचा चीक अंगावर उडाला तर कातडी भाजते. मुंगळे आहेत, मोहोळ आहे. हे ज्ञान कुठल्या शाळेत मिळत नाही, बापामागून किंवा मामामागून चढत चढतच येतं.

दुसरं कसब म्हणजे झोडायचं किती. कोवळ्या शेंड्यांवर पुढची फुलं येणार असतात. दांडगाईनं झोडलं की चिंच लवकर खाली येते, पण शेंडे मोडतात. चिंच मुळातच एक वर्ष भरभरून आणि एक वर्ष कमी अशी धरते, त्यात शेंड्यांची नासाडी झाली की पुढचं वर्ष आणखी हलकं जातं. जाणता माणूस आधी फांदी हलवून बघतो आणि हट्टी तेवढ्यालाच काठी लावतो. पण त्याला मजुरी झाडावर किंवा वजनावर असेल, तर त्यानं हळू काम का करावं? हा प्रश्न लक्षात ठेवा, आपण त्याकडे परत येऊ.

उतरलेली चिंच मग घरोघर फोडायला जाते. टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, चिंचोके वेगळे करायचे. हे काम जवळजवळ पूर्णपणे बायांचं. चिंचोकाही वाया जात नाही. त्याची खळ करून धनगर मंडळी घोंगडीला देतात, त्यानं घोंगडीला कडकपणा येतो. म्हणजे झाडावर चढलेल्या त्या एका माणसाच्या मागं व्यापारी, फोडणाऱ्या बाया, घोंगडी विणणारे अशी मोठी साखळी उभी असते.

चिंचेसारखीच दुसरी गोष्ट बाभळीची. भीमेच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठच्या गाळाच्या जमिनीत बाभळीची बनं होती. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या बनांचं वर्णन आहे. त्या काळी आजचा दौंड भाग भीमथडी तालुक्यात होता. भीमथडीची तट्टं प्रसिद्ध, कारण नदीकाठी गवत आणि कुरणं. बाभळीचं लाकूड औताला आणि गाडीला, साल कातडं कमवायला, डिंक खायला, काट्या कुंपणाला, पाला आणि शेंगा शेळ्या-मेंढ्यांना. उन्हाळ्यात धनगर लांब आकडीनं पाला पाडतात, आकडी पोचत नाही तिथं चढतात. आणि दुष्काळात तर बाभळीचा पाला म्हणजे जनावरांचा जीव. १९७२ च्या दुष्काळात वैरण संपल्यावर झाडांचा पाला पाडूनच जनावरं जगवावी लागली, हे या भागातल्या सत्तरीपुढच्या कोणालाही विचारा.

आता कागदांकडे वळू. झाडांबद्दल आपल्याकडं कागद कमी नाहीत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, आरमारासाठी लाकूड तोडण्याबद्दल प्रसिद्ध आज्ञा आहे. आंबा-फणसाची झाडं रयतेनं लेकरासारखी वाढवलेली असतात, ती जबरदस्तीनं तोडू नयेत, अगदी जीर्ण झाड असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावं, असा तिचा आशय. फार मोठी गोष्ट आहे. पण बघा, त्यात झाड आहे, मालक आहे, सरकार आहे. कुऱ्हाड घेऊन चढणारा नाही.

इंग्रजी अमलात १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात वनसंरक्षक नेमला गेला. डॉ. अलेक्झांडर गिब्सन. हे मूळचे डॉक्टर, दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख. तिथून पुढं जंगल खात्याचे कागद सुरू होतात. कुठली झाडं राखीव, कोणाला काय तोडायचा हक्क, किती महसूल. त्यातही नोंद झाडाची आणि उत्पन्नाची.

गावाच्या पातळीवर बघू. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ १९१५ चं. गावाच्या कारभाराचं इतकं बारीक चित्र दुसरीकडं क्वचित मिळतं. बलुतेदारांच्या याद्या गावागणिक थोड्या बदलतात, पण सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट हे येतातच. लाकडाला आकार देणारा सुतार यादीत आहे. चढायचा दोर वळणारा मांग यादीत आहे. साल वापरून कातडं कमावणारा आहे. पण त्या लाकडापर्यंत, त्या सालीपर्यंत चढून जाणारा यादीत नाही. कारण सरळ आहे. ते कोणा एका जातीचं, वर्षभराचं, वतनाचं काम नव्हतं. ज्याला जमतं आणि ज्याला गरज आहे, तो चढला. हंगाम संपला की तो पुन्हा शेतमजूर, मेंढपाळ किंवा ऊसतोड कामगार.

स्वातंत्र्यानंतर काय झालं? १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनं खातेदाराच्या जमिनीतल्या झाडांवर त्याचा हक्क मान्य केला. त्याआधी १९६४ मध्ये झाडं तोडण्याचं नियमन करणारा कायदा आला होता. त्याच्या अनुसूचीत चिंच आहे, आंबा आहे, जांभूळ आहे, साग आणि चंदन आहे. म्हणजे स्वतःच्या बांधावरची चिंच तोडायलाही परवानगी लागते. बाभूळ मात्र त्या अनुसूचीत नाही. शहरी भागासाठी १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीत पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘हेरिटेज वृक्ष’ हा दर्जा आला. हे सगळं चांगलंच आहे. पण तीनशे वर्षांचे कागद पुढ्यात ठेवले की एक सूत्र दिसतं. झाड नोंदलं गेलं, मालक नोंदला गेला, परवानगी नोंदली गेली, लिलावाची रक्कम नोंदली गेली. फांदीवरचा माणूस कुठंच नाही.

आता कोणी म्हणेल, असं काम नोंदता येतच नाही. येतं. कोकणाकडं बघा. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि माडी काढायच्या झाडांवर सरकारचं लक्ष गेलं. झाडावर कर, माडी काढायला परवाना. कर वसूल करायचा तर झाड कुठलं, काढणारा कोण, हे लिहावं लागलं. त्या कराविरुद्ध भंडारी समाजानं तक्रारी केल्या, त्याही कागदावर आल्या. म्हणजे तिकडचा चढणारा सरकारी दप्तरात आला तो त्याच्यावर माया होती म्हणून नाही, त्याच्याकडून पैसा मिळत होता म्हणून. चिंच झोडण्यावर कर नव्हता, म्हणून आपल्या माणसाची नोंदही नव्हती. सरकारी कागद उत्पन्नाच्या मागं जातो, कष्टाच्या मागं जात नाही. इतिहास लिहिणाऱ्यांनी हे कायम ध्यानात ठेवायला हवं, कारण आपण त्याच कागदांवर इतिहास लिहितो.

गेल्या साठ वर्षांत हे काम बदललं. घोड धरण झालं, कालवे आले, ऊस आला. न्हावऱ्याला आणि पाटसला साखर कारखाने उभे राहिले. बांधावरच्या झाडाची सावली पिकावर पडते म्हणून झाडं गेली. ट्रॅक्टर वळायला अडचण म्हणून गेली. पुणे-नगर आणि पुणे-सोलापूर हे दोन्ही रस्ते रुंद होताना कडेचे जुने वड गेले. आणि दुसरीकडं विजेच्या तारा आल्या. पूर्वी माणूस झाडावर चढायचा ते झाडाकडून काहीतरी घ्यायला. आता पुष्कळदा चढतो ते झाड तारेपासून, घरापासून, रस्त्यापासून दूर करायला. दर मे महिन्यात पावसाळ्यापूर्वी तारांजवळच्या फांद्या छाटतात, ते तुम्ही पाहिलं असेल. तिथं जुनं ज्ञान अपुरं पडतं. कुठली फांदी वजन पेलते हे बापानं शिकवलं होतं. ओली फांदी चालू तारेवर पडली तर काय होतं, हे बापाच्या काळात नव्हतंच.

जगात या कामाचा स्वतंत्र व्यवसाय झाला आहे, त्याला आर्बरिस्ट म्हणतात. अमेरिकेत १९२४ मध्ये या लोकांची परिषद सुरू झाली, तिचीच पुढं आंतरराष्ट्रीय संस्था झाली. अ‍ॅलेक्स शायगो नावाच्या शास्त्रज्ञानं हजारो झाडं उभी चिरून दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड सडलेल्या भागाभोवती आतून भिंती घालतं आणि तो भाग कोंडून टाकतं. म्हणून फांदी खोडाला अगदी घासून कापायची नाही आणि लांब खुंटही ठेवायचा नाही. फांदी जिथं खोडातून निघते तिथं एक फुगीर वळं असतं, त्याच्या बाहेरच्या कडेला कापायचं. जड फांदी असेल तर आधी थोड्या अंतरावर खालून अर्धवट काप द्यायचा, मग त्याच्या थोडं पुढं वरून कापून फांदी पाडायची, आणि शेवटी राहिलेला खुंट काढायचा. असे तीन काप. एकाच घावात कापली तर फांदी पडताना साल खालपर्यंत सोलत नेते. आपल्या रस्त्यावरच्या झाडांवर अशा सोललेल्या जखमा किती दिसतात, ते घरी जाताना बघा.

याचा अर्थ आपल्या माणसाला अक्कल नाही असा घेऊ नका. मघाचा प्रश्न आठवा. ज्याला झाडामागं पैसे मिळतात, ज्याच्याकडं करवतीऐवजी कोयता आहे, ज्याला कोणी दोर आणि पट्टा दिलेला नाही, तो तीन काप देत बसेल का? अंगावर फांदी येण्याआधी ती पाडून मोकळं होणं हेच त्याच्यासाठी शहाणपण आहे. झाडाची जखम आणि माणसाची जखम एकाच कारणातून येतात. कामाला दाम आहे, कसबाला नाही.

आणि माणूस पडतो. या भागात चिंचेवरून पडून कोणाचा पाय, कोणाची कंबर गेली, कोणी जागीच गेला, हे प्रत्येक गावाला माहीत असतं. आता तो पडल्यावर कायदा काय म्हणतो ते बघू.

१९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा घ्या. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात ताड-माडाचा रस काढणं आणि झाडं तोडणं या कामांचा नावानिशी उल्लेख होता. म्हणजे कायद्याला चढणारा दिसला होता. पण फळ उतरवणं असा शब्द तिथं नव्हता, ते शेतीकामात बसवून घ्यायला वाद घालावा लागे. शिवाय मालकाच्या धंद्याबाहेरचं, तात्पुरतं काम करणारा मजूर २००० सालच्या दुरुस्तीपर्यंत व्याख्येतच नव्हता. आणि मुख्य अडचण तर पुढंच आहे. मालक कोण? शेतकरी म्हणतो, मी झाड उक्तं विकलंय. व्यापारी म्हणतो, मी टोळीला काम दिलंय. टोळीवाला म्हणतो, आम्ही सगळेच मजूर. तिघंही खरं बोलतात, आणि पडलेला माणूस कोणाचाच राहत नाही.

शासनाची शेतकरी अपघात योजना आहे, आज ती गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं चालते. तिच्यात उंचावरून पडणं हा अपघात धरलेला आहे, मृत्यू झाला तर दोन लाख रुपये आहेत. पण लाभ कोणाला? सातबारावर नाव असलेल्या खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. म्हणजे झाडाचा मालक स्वतःच्या चिंचेवरून पडला तर त्याचं कुटुंब पात्र. त्याच झाडावरून, त्याच फांदीवरून भूमिहीन मजूर पडला तर नाही. मी सुरुवातीला म्हटलं होतं, नाव नाही ही छोटी गोष्ट वाटेल. ती इथं येऊन पोचते.

दुसरीकडं काय घडू शकतं ते केरळनं दाखवलं. नारळावर चढणारे मिळेनात, तेव्हा २०११ मध्ये नारळ विकास मंडळानं प्रशिक्षण सुरू केलं. ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ असं त्याला नाव दिलं. तरुणांना, बायकांनाही, यंत्रावरून चढायला शिकवलं, विम्याची सोय केली. आपल्याकडं दापोलीच्या कृषी विद्यापीठानं आंबा उतरवायला ‘नूतन झेला’ काढला, त्यानं पुष्कळ फळ खालूनच काढता येतं. म्हणजे मनावर घेतलं तर होतं. नारळ आणि हापूस यांच्या मागं मोठा बाजार होता, म्हणून मनावर घेतलं गेलं. चिंचेच्या वाट्याला ते आलं नाही.

मग आपण काय करायचं? मी मोठी योजना सांगणार नाही. ग्रामपंचायत चिंचेच्या फळांचा लिलाव करते, तेव्हा अटींचा एक कागद असतो. अनामत किती, मुदत किती, झाडाला इजा झाली तर दंड किती. त्यात एक ओळ वाढवा. झाडावर चढणाऱ्या प्रत्येकाचं नाव ग्रामपंचायतीत नोंदवावं आणि त्याचा अपघात विमा असल्याचा पुरावा द्यावा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता आज वर्षाला वीस रुपये आहे, आणि अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण. अठरा ते सत्तर वयाच्या, बँकेत खातं असलेल्या कोणालाही तो काढता येतो. एका झाडाच्या चिंचेपुढं वीस रुपये म्हणजे काहीच नाही. आणि या एका ओळीनं आणखी एक गोष्ट होईल. ज्या दप्तरात आजवर फक्त झाड आणि रक्कम लिहिली गेली, तिथं पहिल्यांदा चढणाऱ्याचं नाव येईल.

दुसरं काम तुमच्यासाठी, हे व्याख्यान ऐकणाऱ्यांसाठी. तुमच्या गावात चिंच कोण झोडायचं, आंबा कोण उतरवायचं, दोर कुठून यायचा, मजुरी पैशात होती की चिंचेत, कोण पडलं आणि पुढं त्या घराचं काय झालं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि लिहून ठेवा. वेचणाऱ्या, फोडणाऱ्या बायांना तर नक्की विचारा, कारण पडलेल्याचं घर पुढं त्यांनीच चालवलेलं असतं. सांगणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.